तीनचाकीची किल्ली

आत्याबाई, तुमची गाडी काल रात्रीपर्यंत जिन्याखालीच उभी होती. साखळी तशीच, कुलूप तसंच, आणि त्याची किल्ली माझ्या पर्समध्ये. तेरा दिवस घरात माणसांची रीघ होती. येणारा प्रत्येक जण चप्पल काढता काढता तिच्याकडं बघायचा, आणि कुणी काही विचारायच्या आत मी "चहा ठेवते" म्हणून आत पळायचे. काल तुमचं तेरावं झालं. पाहुणे पांगले, तुमचा लेक आज वाळूजला ड्यूटीवर गेला. घरात मी एकटी आहे आणि आपलं भांडण अर्धं राहिलंय.

हो, भांडणच. सासू गेल्यावर सुनेनं काय लिहायचं असतं ते मला ठाऊक आहे. देवमाणूस होत्या, पोटच्या लेकीसारखं जपलं, वगैरे. तुम्ही मला लेकीसारखं कधी जपलं हो? लग्नानंतरची माझी पहिली भाकरी हातात घेऊन उलटीसुलटी बघितलीत आणि म्हणालात, "शाळेतली पाटी आनली का भाजून?" मी एम.ए. बी.एड., तुम्ही अंगठा लावणाऱ्या. सत्तावीस वर्षं आपण एकमेकींना ऐकवत आलो, आणि आता मी ऐकवतेय तर उलट उत्तर येत नाही. घर कसं खायला उठतंय.

वय कुणी विचारलं की तुमचं उत्तर ठरलेलं होतं. "पोलिस ॲक्शनच्या साली म्या रांगत व्हते. मोजा आता तुमी." खुलताबादच्या वरच्या डोंगरात मेंढरांमागं चालण्यात तुमचा जन्म गेला. डोंगरातला चारा सरला की बिऱ्हाड घेऊन पैठणच्या पुढं गोदेकाठच्या गंगाथडीपर्यंत चालत जायचं आणि उन्हाळा संपता संपता परत यायचं. मामंजी गेले, मेंढरं विकली, लेकानं तुम्हाला इथं गारखेड्यात आणलं. तोवर गुडघे कामातून गेले होते. गल्लीच्या तोंडावरच्या मारुतीला जायचं तर वाटेत तीन ओट्यांवर टेकायला लागायचं. मग तेही सुटलं. दिवसभर आपल्या ओट्यावर बसून तुम्ही समोरच्या घरावरची पाण्याची टाकी बघत राहायचात. एकदा म्हणालात, "मंगल, फळीवरलं भांडं झाले गं मी." मी वह्या तपासत होते. मी नुसतं हूं म्हटलं.

गाडीची कल्पना माझी नव्हती, हे आधीच कबूल करते. ती तुमच्या लेकाची आणि कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या रशीदभाईंची. रशीदभाईंनी एका लेडीज सायकलचा पुढचा भाग घेतला, मागं पाववाल्याच्या मोडक्या तीनचाकीची दोन चाकं जोडली. मधला दांडा इतका खाली आणला की बसायला पाय उचलावाच लागू नये. गादी रुंद, पाठीला टेका, हँडल अंगाकडं वळवलेलं, म्हणजे वाकायला नको. पुढचं दातेरी चाक मुद्दाम लहान बसवलं. त्यानं गाडी धावत नाही, पण पायडल हलकं फिरतं. मागं भाजीसाठी जाळीची टोपली. "चलते वख्त पूरा वजन घुटने पे आता अम्मा," ते तुम्हाला समजावत होते, "बैठे तो गादी पे आता. घुटने कू पताच नै चलता."

मी म्हटलं, पंचाहत्तरीची बाई सायकल चालवणार? पडली म्हणजे?

"तीन पाय हायेत तिला," तुम्ही म्हणालात. "तिपाई पडती का कुटं?"

बरं, शिकायचंच तर पहाटे शिका, गल्लीत कुणी नसतं, असं मी सुचवलं. मला लोकांच्या हसण्याची भीती. शाळेतल्या मॅडमची सासू नऊवारीत सायकल शिकतेय म्हटल्यावर माझ्या वर्गातली पोरं काय करतील ते मला दिसत होतं. तुम्ही माझ्याकडं वरून खालपर्यंत बघितलंत. "चोरून कामून? म्या काय कुनाची कोंबडी उचलली का?" आणि भर संध्याकाळी, अख्खी गल्ली ओट्यावर आलेली असताना, काष्टा घट्ट करून तुम्ही गादीवर बसलात.

पहिले दोन दिवस रशीदभाईंनी तुम्हाला पायडल मारूच दिलं नाही. दोन्ही पाय जमिनीवर टेकवायचे, गाडी पायानं ढकलत न्यायची, ब्रेक धरायचा, सोडायचा, परत धरायचा. "पहले रुकना सीखो अम्मा, चलना आपोआप आता." तिसऱ्या दिवशी वळणावर तुम्ही अडखळलात आणि माझ्यातली शाळामास्तरीण जागी झाली. उतरा, मी दाखवते, म्हणून मी बसले. कॉलेजपासून सायकल, आता स्कूटी, मला कोण शिकवणार? वळण आलं. मी सवयीनं अंग झुकवलं, आणि गाडी वळायचं सोडून सरळ समोरच्या बांधकामाच्या वाळूत घुसली. माझी साडी चेनमध्ये, चष्मा वाळूत. तुम्ही इतक्या हसलात की तोंडाला पदर लावायचंही तुम्हाला सुचलं नाही.

रशीदभाई चष्मा पुसून देत म्हणाले, "मॅडम, दो चाक वाले सब इस पे ऐसेच गिरते. वो झुकते. अम्मा कू कुछ आताच नै, इस वास्ते अम्मा कू पटकन आयेगा." आणि खरंच आलं. त्यानंतर ते तुमचं पालुपदच झालं. मी हेडमास्तरांवर चिडून घरी आले, भांडी आदळायला लागले, की तुम्ही ओट्यावरून ओरडायचात, "मंगल, झुकू नगं! नुस्तं हँडल वळीव!" मला अजून राग यायचा. आणि अर्ध्या मिनिटानं हसू यायचं, ते मी तुम्हाला दिसू द्यायचे नाही.

आठ दिवसांत तुम्ही मारुतीपर्यंत गेलात, महिन्याभरात भाजीबाजारापर्यंत. सायकलची घंटी तुम्हाला पसंत नव्हती. ट्रंकेच्या तळातून तुम्ही पितळी घंटी काढलीत, कळपाच्या पुढं चालणाऱ्या मेंढ्याच्या गळ्यातली, आणि ती हँडलला बांधलीत. चढ आला की गाडीला "हुर्र, हुर्र" करायचात. स्वतः आणलेली पहिली मेथीची जुडी आधी देव्हाऱ्यापुढं ठेवलीत, मग मला निवडायला दिलीत. तुमचं सगळंच देव्हाऱ्यात असायचं. रेशनकार्ड, डॉक्टरांची चिठ्ठी, नातीचं हॉल तिकीट. "देवापाशी ऱ्हायलं की हारवत नाय." सत्तावीस वर्षांत ती खोड मलाही लागली.

एक दिवस सांगायलाच हवा. माझी स्कूटी शाळेच्या फाटकातच बंद पडली होती, मी वह्यांचा गठ्ठा काखेत मारून उन्हातून चालत येत होते आणि समोरून घंटी वाजली. तुम्ही. घामाघूम, कपाळावर कुंकू ओघळलेलं. लेकानं फोनवर सांगितलं म्हणून निघाला होतात. "टाक वझं टोपलीत," म्हणालात. वह्या, पर्स, डबा सगळं टोपलीत घालून तुम्ही पुढं आणि मी शेजारून मोकळ्या हातांनी चालत. गल्लीत शिरल्यावर प्रत्येक ओट्याला तुम्ही थांबून सांगत होतात, "सुनंला आनाया गेल्ते." माझ्या लग्नानंतर मला कुठून आणायला कुणी असं निघालं नव्हतं. हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही. आज सांगतेय, उपयोग नाही तरी.

मग फाल्गुन आला आणि बायपासच्या पलीकडच्या मोकळ्या प्लॉटांवर ठकूमावशीच्या मेंढरांचा तळ पडला. तुमची ही धाकटी बहीण आणि तिच्या घरची अजून मेंढरांमागं आहेत. वर्षातून एकदा इकडून जातात, आठ-दहा दिवस थांबतात. दरवर्षी तुमचा लेक तुम्हाला रिक्षात घालून भेटवून आणायचा. यंदा तुम्ही जाहीर केलंत, "औंदा मी मपल्या गाडीवर जानार. ठकीला दावायचीय."

निघताना तुम्ही मला सांगितलंतही. "जाऊन येते गं." मी परीक्षेचे पेपर काढत होते. मी पुन्हा हूं म्हटलं, कुठं ते विचारलं नाही.

बायपासच्या मधोमध तुम्ही अडकलात. टेम्पो तुमच्यापासून दोन हातांवर करकचून थांबला. आमच्याच शाळेतल्या एका सरांनी तुम्हाला कडेला आणलं आणि मला फोन केला. "मॅडम, तुमच्या सासूबाई बायपासवर," एवढंच मला ऐकू आलं. पुढचं, तुम्ही ठीक आहात हे, मला दुसऱ्यांदा विचारून घ्यावं लागलं.

घरी आल्यावर मी काय काय बोलले ते तुम्हालाही आठवत असेल. "तुम्हाला काही झालं तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील!" हे मी म्हणाले. तुम्हाला काही झालं तर माझं कसं होईल, असं म्हणायचं होतं. तोंडातून लोक आले. तुम्ही पाणी पीत होतात, तांब्या खाली ठेवलात आणि आत निघून गेलात.

त्याच संध्याकाळी मी साखळी आणि कुलूप आणलं. दोन किल्ल्या होत्या. एक पर्समध्ये टाकली. दुसरी कुठंतरी नीट जपून ठेवली, आणि त्या दिवशी नेमकं आठवड्यानं नळाला पाणी आलेलं, त्या भराभरीत कुठं ठेवली तेच विसरले.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी पूजा आटोपली की तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी यायचात. एक हात चौकटीला, दुसरा माझ्यापुढं. बोटांना बिरोबाचा भंडारा लागलेला, पिवळी बोटं.

"मंगल, किल्ली दे."

"उद्या बघू."

"ठकीचा तळ हालायच्या आत जाऊन येते."

"रविवारी मी नेते ना स्कूटीवर."

"कुनी न्यायला मी काय गठुडं हाये का? मला जायचंय."

रिक्षा करून देते म्हटलं तर तुम्ही पाठ फिरवून ओट्यावर जाऊन बसलात. मी तुमच्या लेकाला मधे घातलं. तो म्हणाला, "तुम्ही दोघी बघून घ्या." हे वाक्य तो आमच्या लग्नापासून म्हणतोय. रविवार आला. माझ्यापुढं पेपरांचा ढीग होता. तुम्ही स्कूटीचं नाव काढलं नाहीत, मीही काढलं नाही, आणि तो रविवार तसाच गेला.

नऊ दिवस तुम्ही किल्ली मागितलीत. एकदाही आवाज चढवला नाहीत. एरवी मीठ कमी पडलं तरी घर दणाणून सोडणारी बाई, आणि या एका गोष्टीसाठी रोज हात पुढं करायची, नाही म्हटलं की हात मागं घ्यायची. मला वाटलं, मी जिंकतेय. दहाव्या दिवशी तुम्ही मागितली नाहीत. मी पोळ्या लाटता लाटता मनात म्हटलं, चला, फिटली एकदाची हौस. त्या सकाळी ठकूमावशीचा तळ उठला होता हे मला कुठं माहीत होतं? त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी, ओट्यावर बसल्या बसल्या, तुम्ही गेलात. मी शाळेत होते.

डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं, यात कुणाचा दोष नाही. सगळे तेच म्हणतात. मीही मान हलवते.

दहाव्याला ठकूमावशी आली. रडून झाल्यावर ती जिन्याखाली गेली. गादीवरून हात फिरवला, टोपली बघितली, घंटी वाजवली. ती तिला ओळखू आली. "फोनवर म्हनायची, उद्या येते, मपल्या गाडीवर येते. आमी दोन दिस मेंढरं आडवून धरली गं तिच्यासाठी. आलीच नाय." मग साखळीला हात लावून माझ्याकडं वळली, "कुलूप कामून?" मी म्हटलं, चोरीला जाऊ नये म्हणून. आत्याबाई, मी त्या म्हातारीशी तुमच्या दहाव्याच्या दिवशी खोटं बोलले.

सुतकात देव्हारा बंद होता. आज सकाळी तो उघडला आणि तुमच्या पाटावर मी बसले. इतक्या वर्षांत पूजा तुम्ही मला कधी करू दिली नव्हती. "तुला घाई आसती, देवाला नसती," म्हणायचात. तुम्हाला बघून बघून जे येत होतं ते केलं. चांदीचे टाक एकेक करून उचलायचे, चिंचेनं घासायचे, धुवायचे, पुसायचे. सगळ्यात शेवटी मागच्या कोपऱ्यातला बिरोबाचा टाक उचलला.

खाली किल्ली होती.

मीच ठेवली होती. तेव्हा लख्ख आठवलं. नळ वाहत होता, हंडे भरत होते, आणि जपायची वस्तू हातात आली म्हणताच माझा हात आपोआप देव्हाऱ्यात गेला होता. तुमच्यापासून लपवायची वस्तू मी तुम्ही रोज सकाळी उचलता त्या टाकाखाली ठेवली. अशी मी हुशार.

किल्ली पिवळीधम्मक होती. एका दिवसाचा भंडारा नव्हता तो. दात्यांच्या खाचा भरून गेल्या होत्या, थरावर थर. म्हणजे तुम्हाला ती पहिल्याच सकाळी दिसली. रोज दिसली. रोज तुम्ही बिरोबाला उचललंत, धुतलंत, त्याच्याबरोबर या किल्लीलाही भंडारा वाहिलात, वर त्याला परत बसवलंत. मग गुडघे धरून उठलात, स्वयंपाकघराच्या दाराशी आलात आणि मला म्हणालात, "मंगल, किल्ली दे."

मी दहा ते पाच शाळेत असायचे. गाडी दारात. पलीकडं बहीण मेंढरं थांबवून वाट बघत बसलेली. घरात तुम्हाला अडवणारं कुणी नव्हतं. आणि तुम्ही मला विचारत राहिलात.

मी ती किल्ली घेऊन जिन्याखाली गेले. पर्समधली घेतली नाही. आधी ती कुलपात फिरेना, भंडारा दाटला होता. दोन-तीनदा हलवली तेव्हा उघडलं. मी पदर खोचला आणि गादीवर बसले. वळणावर अंग झुकवलं नाही, नुसतं हँडल वळवलं. घंटी वाजत होती, आणि ती ऐकून दोन-तीन दारांतून बायका घाईनं बाहेर आल्या. मला बघून जागच्या जागी थांबल्या. कुणी हसलं नाही.

बायपासपाशी मी उतरले. चौकात सिग्नल आहे. चालणाऱ्या लोकांबरोबर गाडी हातानं ओढत पलीकडं नेली. कुणी हॉर्नसुद्धा वाजवला नाही. एवढंच करायचं होतं हो. दुभाजकातल्या फटीतून घुसू नका, चौकापर्यंत जा, उतरा, हातानं ओलांडा. मी सत्तावीस वर्षं लोकांच्या पोरांना शिकवतेय, आणि तुम्हाला एवढं शिकवायचं मला सुचलं नाही. मला कुलूप सुचलं. घरापासून तिथवर बारा मिनिटं लागली. प्लॉटावर चुलीचे तीन दगड होते, राख होती, लेंड्या वाळून गेल्या होत्या. मी त्या दगडांशेजारी बसून मोठमोठ्यानं रडले. तेरा दिवसांत अशी रडले नव्हते.

ठकूमावशीचा तळ आता पैठणच्या रस्त्याला आहे म्हणतात. रविवारी गाडी टेम्पोत चढवून तिच्याकडं नेणार आहे. तिला गादीवर बसवणार, आधी थांबायला शिकवणार, आणि कुलूप का होतं ते खरं सांगणार. ती शिव्या देईल. देऊ दे.

किल्ली मी पुसलेली नाही. दाराशेजारच्या खिळ्याला अडकवली आहे, भंडाऱ्यासकट, तुमचा हात पोचला असता इतक्या खाली. आत्याबाई, तुम्ही ती उचलून गाडी काढली असती, तर संध्याकाळी मी घर डोक्यावर घेतलं असतं आणि चार दिवस तुमच्याशी बोलले नसते. एवढंच झालं असतं.